परिवीक्षेचे यश मोजायचे कोठे? ग्रामीण विदर्भात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस उत्तर

आपण समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी परिवीक्षा, म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर, बहुधा देखरेखीखाली, सोडणे, ज्याला न्यायालयाच्या आवारात सगळे प्रोबेशन म्हणतात, तो विषय घेतला आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील दोन तालुका न्यायालये निवडली आहेत. आपण विचारले आहे की, वाचायला मिळालेले बहुतेक संशोधन इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेतील असताना त्यातले आपल्या भागाला काय लागू पडते आणि एखाद्या माणसाची परिवीक्षा यशस्वी झाली हे कशावरून म्हणायचे. मी परिवीक्षा अधिकारी म्हणून सव्वीस वर्षे काम केले. पहिली निम्मी वर्षे वऱ्हाडात गेली आणि नंतरची चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे परिवीक्षाधीन माणूस महिन्यातून एकदा अर्धा तास अधिकाऱ्यासमोर असतो आणि उरलेला महिना गावात असतो. तो पुन्हा गुन्ह्याकडे वळतो की नाही, हे त्या गावातील तीन-चार माणसांवर ठरते: जामीन राहिलेला नातेवाईक, काम देणारा किंवा नाकारणारा कास्तकार (शेतकरी), फिर्यादी आणि घरातील आई किंवा बायको. कार्यालयातील फाइलमध्ये ही माणसे जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून प्रबंधात त्यांना जागा दिली नाही, तर अभ्यास फाइलचा होईल, परिवीक्षेचा होणार नाही.

कायद्याविषयी थोडक्यात, कारण अनेक प्रबंधांत इथेच घोटाळा होतो. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात असताना त्या प्रांताने 1936 मध्ये स्वतःचा परिवीक्षा कायदा केला होता. मुंबई प्रांताचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, 1938 मध्ये झाला. म्हणजे ही कल्पना आपल्या भागाला नवखी नाही. आज लागू असलेला अपराधी परिवीक्षा अधिनियम 1958 चा आहे. त्याच्या कलम 3 खाली किरकोळ गुन्ह्यात समज देऊन सोडता येते. कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि देखरेखीचा आदेश दिला तर ती देखरेख किमान एक वर्षाची असावी लागते. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना कलम 4 लागू होत नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला तुरुंगात पाठवायचे असेल, तर कलम 6 प्रमाणे न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणे लिहावी लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील परिवीक्षेविषयीच्या कलम 360 व 361 यांची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 401 व 402 यांनी घेतली आहे. त्यामुळे आपण निवडाल त्या प्रकरणांत जुनी आणि नवी दोन्ही कलमे येतील. दोन्हींची सांगड घालणारा तक्ता सुरुवातीलाच करून ठेवा.

कलम 4 मधील एका अटीकडे विशेष लक्ष द्या, कारण ग्रामीण विदर्भात सारा निकाल पुष्कळदा तिच्यावर फिरतो. अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या हद्दीत कायमचे राहण्याचे ठिकाण किंवा नियमित व्यवसाय आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. आरोपी भूमिहीन असला, वर्षातले चार महिने बाहेरगावी मजुरीला जात असला, तरी मामाच्या किंवा चुलत्याच्या नावावर दोन एकरांचा सातबारा असेल आणि तो बंधपत्रावर सही करायला तयार असेल, तर अट पूर्ण होऊ शकते. मात्र तो मामा पेशीच्या (सुनावणीच्या) दिवशी न्यायालयात आला पाहिजे, आणि ती पेशी कापूस वेचणीच्या दिवसांत पडली तर एक दिवसाचे कामही सुटते आणि एस.टी.चे भाडेही लागते. माझ्या अनुभवात परिवीक्षा नाकारली जाण्याचे कारण गुन्ह्याचे गांभीर्य असण्यापेक्षा जामीनदार वेळेवर उभा न राहणे हेच अधिक वेळा असे. आपण निवडलेल्या न्यायालयांत असे होते का, ते निकालपत्रांवरून कळणार नाही. वकिलांना आणि आरोपीच्या घरच्यांना विचारावे लागेल.

आता एक प्रकरण जवळून सांगतो. तपशील बदलले आहेत. एका गावातील वीस वर्षांच्या मुलाने विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली आणि तांबे काढून भंगारवाल्याला विकले. मुलाचा बाप वारलेला होता, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणी-वेचणीला जात होती आणि तो स्वतः सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतमजूर, होता. ज्याची केबल गेली तो त्याचा मालक नव्हता, पण त्याच शिवारातला कास्तकार होता. न्यायालयाने अहवाल मागवला. मी गावात दोनदा गेलो, मामाचा सातबारा जोडला, शिफारस केली आणि मुलगा दोन वर्षांच्या बंधपत्रावर सुटला. फाइल इथपर्यंत व्यवस्थित आहे. त्यानंतर आला गुढीपाडवा. आपल्याकडे सालदाराचे साल पाडव्याला ठरते आणि त्या दिवशी इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडला नाही, तर वर्षभराचे काम गेले असे समजतात. त्या पाडव्याला या मुलाला गावात कोणीही ठेवले नाही. मालकाने दुसरा माणूस घेतला होता, बाकीचे म्हणत होते की केबल कापणाऱ्याला वावराची किल्ली कशी द्यायची.

मी पोलीस पाटलांना घेऊन फिर्यादीकडे गेलो. तो बैलांना पाणी पाजत होता. मी तासभर बोललो असेन, तो एकदाच बोलला: “मी त्याले ठेवनार नाही. पन कोनी इचारलं तं वंगाळई सांगनार नाही.” एवढ्याने काम झाले. मृग लागल्यावर शेजारच्या गावातील एका कास्तकाराने मुलाला महिनदार म्हणून ठेवले, कारण त्याने फिर्यादीकडे चौकशी केली आणि फिर्यादीने आपला शब्द पाळला. या प्रकरणाच्या फाइलमध्ये आपल्याला काय सापडेल? “हजेरी नियमित. वर्तन समाधानकारक.” पाडव्याचा उल्लेख नाही, फिर्यादीच्या त्या वाक्याचा नाही, आणि त्यासाठी छापील नमुन्यात रकानाही नव्हता. त्या मुलाची दोन वर्षे नीट गेली ती हजेरीमुळे गेली, असे कोणी त्या फाइलवरून लिहिले तर ते चूक ठरेल.

परदेशातील संशोधनाकडे याच नजरेने पाहावे. त्याची सुरुवात बोस्टनच्या जॉन ऑगस्टसपासून सांगतात. हा चांभारकाम करणारा माणूस 1841 मध्ये एका दारुड्याला न्यायालयातून आपल्या जबाबदारीवर घेऊन गेला. इंग्लंडच्या 1907 च्या कायद्याने अधिकाऱ्याचे काम सल्ला देणे, साहाय्य करणे आणि मैत्र जोडणे असे सांगितले. आपल्या कलम 14 मध्ये सल्ला आणि साहाय्य आले, शिवाय योग्य रोजगार मिळवून देण्यासाठी प्रयत्न करणेही अधिकाऱ्याच्या कर्तव्यात आले. वर सांगितलेले पाडव्याचे काम माझ्या चांगुलपणाचा भाग नव्हता, ते कायद्याने सांगितलेले कर्तव्य होते, आणि संशोधकाने ते पार पडते का हे विचारले पाहिजे. पुढे 1974 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिनसन यांनी 231 अभ्यासांच्या आधारे गुन्हेगारांच्या सुधारणेच्या कार्यक्रमांविषयी अतिशय निराशाजनक निष्कर्ष मांडला आणि सरकारांनी तो उचलून धरला. 1979 मध्ये त्यांनी स्वतःच तो बराचसा मागे घेतला, पण तोवर धोरणे बदलून गेली होती.

आपल्यासाठी त्यानंतरचे दोन-तीन धागे उपयोगाचे आहेत. अमेरिकेत पीटरसिलिया आणि टर्नर यांनी 14 ठिकाणी कडक देखरेखीचे कार्यक्रम तपासले आणि 1993 मध्ये निष्कर्ष मांडले: देखरेख वाढवल्याने नवे गुन्हे कमी झाल्याचे आढळले नाही, अटी मोडल्याच्या नोंदी मात्र वाढल्या आणि त्यातून माणसे पुन्हा तुरुंगात गेली. कॅनडातील अँड्र्यूज व बोन्टा यांच्या परंपरेने दाखवले की पुन्हा गुन्हा करण्याचा धोका कमी असलेल्या माणसाला जास्त देखरेखीत ठेवल्यास त्याचे नुकसानही होऊ शकते, कारण त्याचे काम, नाती आणि दिनक्रम विस्कटतो. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर रेनॉर, उगवुडिके आणि व्हॅनस्टोन यांनी अधिकाऱ्यांच्या मुलाखतींचे चित्रीकरण करून त्यांची कौशल्ये तपासली. समजून घेणे, स्पष्ट बोलणे, अडचण एकत्र बसून सोडवणे ही कौशल्ये ज्यांच्याकडे अधिक होती, त्यांच्या देखरेखीखालील लोकांना पुन्हा शिक्षा होण्याचे प्रमाण कमी आढळले. अधिकाऱ्याचे बोलणे कसे आहे यालाही मोजता येते, हे या अभ्यासाने दाखवले आणि म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

धोका मोजण्याच्या तयार परदेशी पट्ट्या मात्र उचलून आणू नका, ही कळकळीची विनंती आहे. त्यांत राहण्याचे ठिकाण वारंवार बदलणे, नियमित नोकरी नसणे, कुटुंबात आधी कोणाला शिक्षा झालेली असणे, याला गुण असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कुटुंबे हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या मोजमापाने पूर्ण टोलाच (वस्तीच) धोकादायक ठरेल. मी स्वतः ही चूक कागदावर केली आहे. एक तरुण सलग दोन महिने हजेरीला आला नाही म्हणून मी न्यायालयाला अटभंगाचा अहवाल पाठवला. तो मिरचीच्या कामाला गेला होता आणि त्याच्या आईने निरोप ठेवला होता, तो माझ्यापर्यंत पोचला नाही. कलम 9 प्रमाणे पहिल्या अटभंगाला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र कायम ठेवता येते आणि न्यायालयाने तसेच केले. पण वॉरंट निघाल्यामुळे तो काम अर्धवट टाकून आला, ठेकेदाराने मागची मजुरी अडवली, आणि घरात जी चार महिन्यांची बेगमी व्हायची ती झाली नाही. त्यानंतर स्थलांतर करणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत मी आधीच कलम 8 खाली अटी बदलून घेण्याची विनंती करू लागलो. आपण हजेरीची आकडेवारी काढाल तेव्हा प्रत्येक गैरहजेरीसमोर महिना लिहा आणि त्या महिन्यात शिवारात कोणते काम चालू होते तेही लिहा. आकडे वेगळेच बोलू लागतील.

यशाचे माप म्हणून पुन्हा गुन्हा न घडणे हे ठेवावेच लागेल, पण ते कोणत्या नोंदीवरून घ्यायचे यावर बरेच अवलंबून आहे. पोलीस ठाण्याच्या नोंदीत अटक झाली याचा अर्थ पोलिसांना संशय आला, इतकाच होतो. यवतमाळ, अमरावती, अकोला या भागात फासेपारधी समाजातील माणसाला गावाजवळ चोरी झाली की आधी उचलले जाते, हे आपण जाणता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्माने मारलेला शिक्का 1952 मध्ये कायद्याने पुसला गेला, ठाणेदाराच्या डोक्यातून तो पूर्ण गेला असे म्हणवत नाही. अशा तरुणाची परिवीक्षा अटकेवरून मोजली, तर तो काहीही न करता अपयशी ठरेल आणि आपला प्रबंध त्या शिक्क्याला शास्त्राचा आधार देईल. म्हणून दोषसिद्धी हेच माप घ्या, अटका वेगळ्या दाखवा, आणि त्यांतील किती प्रकरणे पुढे टिकली तेही दाखवा.

तुरुंगात गेलेल्यांशी सरळ तुलना करू नका. ज्यांना परिवीक्षा मिळते त्यांना घर, जामीनदार आणि बहुधा बरा वकील आधीपासून असतो. ते पुढे नीट राहिले तर परिवीक्षेमुळे राहिले की या आधारांमुळे, हे कळत नाही. गुन्हा, वय, आधीची शिक्षा आणि जमीन असणे-नसणे सारखे असलेल्या जोड्या लावून पाहता येईल, पण दोन तालुक्यांत आपल्याला इतकी प्रकरणे मिळणार नाहीत. मी आपल्या जागी असतो, तर पंधरा-वीस माणसे घेऊन त्यांचा दोन हंगाम पाठपुरावा केला असता आणि टक्केवारीच्या मागे लागलो नसतो. अमेरिकेत सॅम्पसन आणि लॉब यांनी बोस्टनच्या मुलांच्या जुन्या नोंदींवरून, स्थिर काम आणि चांगला संसार माणसाला गुन्ह्यापासून दूर नेतो असे दाखवले. लिव्हरपूलमध्ये शॅड मरुना यांनी गुन्हा सोडलेली माणसे स्वतःची कहाणी कशी सांगतात ते ऐकले. हे दोन्ही आपल्याला आपल्या बोलीत विचारता येते: साल लागले का, सोयरीक जुळताना मुलीकडच्यांनी काय विचारले, पोळ्याला बैल घेऊन तोरणाखाली उभे राहू दिले का. यांतील शेवटचा प्रश्न मी फार उशिरा विचारायला शिकलो. गावाने माणसाला परत घेतले की नाही, याचे उत्तर पोळ्याच्या दिवशी मिळते.

फिर्यादीचा विचार परिवीक्षेच्या अभ्यासात सहसा राहून जातो. आपल्या भागातील मारहाणीची कितीतरी प्रकरणे धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातून होतात. दोषी ठरल्यावर आरोपी बंधपत्रावर सुटला की गाव म्हणते, “सुटला.” तो दोषी ठरला आहे आणि त्याच्यावर अटी आहेत, हे फिर्यादीला कोणी समजावून सांगत नाही, आणि तो दुखावलेला माणूस रोज त्याच धुऱ्यावरून जातो. कलम 5 खाली न्यायालय नुकसानभरपाई देण्याचा आदेश करू शकते. ती किती प्रकरणांत मागितली गेली, हे आपण मोजलेत तरी मोठे काम होईल.

तंटामुक्तीची चळवळ आपण समुदाय-आधारित न्यायाचा नमुना म्हणून घेणार आहात, असे प्रश्नावरून दिसते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली आणि तिने अनेक वाद न्यायालयापर्यंत जाऊ दिले नाहीत, हे मी पाहिले आहे. जर्सीमध्येही बारा परगण्यांतून निवडून आलेले बिनपगारी अधिकारी किरकोळ प्रकरणे परगण्याच्या सभागृहात बसून मिटवतात, आणि त्या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे. तुलना करायची असेल तर ती करण्याजोगी आहे. पण गावाच्या तंटामुक्त समितीत कोण बसले आहे आणि समोर हात जोडून कोण उभे आहे, हे लिहिल्याशिवाय तंटा मिटला असे लिहू नका. मजूर बाईने मालकाविरुद्ध केलेली तक्रार चावडीवर मिटते तेव्हा बहुधा तिने पुढच्या हंगामाच्या कामाचा विचार केलेला असतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 19 अठरा वर्षांवरील दोषी व्यक्तीला परिवीक्षेचा लाभ नाकारते. परिवीक्षेवर मनापासून विश्वास असलेला मी या तरतुदीच्या बाजूचा आहे, कारण तिथे ज्या गावाच्या भरवशावर आरोपीला सोडायचे, ते गावच पुष्कळदा पीडिताच्या विरोधात उभे असते.

शेवटी समाजसेवेच्या शिक्षेविषयी, जी भारतीय न्याय संहितेने 2024 पासून आणली आणि जिच्याविषयी आपल्याकडे संशोधन नुकते कुठे सुरू होत आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केली असल्यास, आणि सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी ती आहे. ती समाजाच्या उपयोगाची असावी आणि तिचा मोबदला मिळणार नाही, एवढे कायदा सांगतो. काम कोणते द्यायचे हे न्यायाधीशांवर आहे. स्कॉटलंडमध्ये गिल मॅकआयव्हर यांना आढळले की ज्यांना आपले काम उपयोगी वाटले आणि ज्यांचा लाभ घेणाऱ्या लोकांशी संबंध आला, त्यांना पुन्हा शिक्षा होण्याचे प्रमाण कमी होते. आपल्या गावात हातात झाडू दिला की शिक्षेला जात चिकटते. एकाच गुन्ह्यासाठी एकाला शाळेच्या रोपांना पाणी घालायला आणि दुसऱ्याला नाली साफ करायला सांगितले गेले का, आणि त्या दोघांची जात कोणती होती, हे पाहण्यासाठी आपली दोन तालुका न्यायालये पुरेशी आहेत. याच एका प्रश्नावर प्रबंध लिहिलात तरी मला आनंद होईल.

कामाला सुरुवात करताना परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कलम 7 खाली गोपनीय असतो हे लक्षात ठेवा; न्यायालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फाइल मागू नका आणि मिळाली तरी गावात तिचा उल्लेख करू नका. परिवीक्षाधीन माणसाला त्याच्या घरी पहिल्यांदा भेटू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला भेटा आणि घरी यावे की नाही हे त्याला ठरवू द्या. गावात सरकारी गाडीतून जाऊ नका. एस.टी.ने जा, पानठेल्यावर त्याच्या घराचा पत्ता विचारू नका, आणि पाडव्याच्या आधीच्या पंधरवड्यात जमेल तेवढ्या भेटी उरका, कारण त्या दिवसांत कोण कोणाला ठेवणार आहे याची बोलणी प्रत्येक ओसरीवर चाललेली असतात.